‘समजले का?’ ते अभिप्रायपत्रिका : अध्यापक-विद्यार्थी परस्परवाचनाची समीक्षा

सारांश

उच्च शिक्षणातील गुणवत्तेच्या चर्चेत विद्यार्थी-अभिप्रायपत्रिकेला मध्यवर्ती स्थान प्राप्त झाले आहे. या पत्रिकेकडे बहुधा आकडेवारीचे साधन म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात तिच्याकडे एक संहिता म्हणून पाहिले आहे. ही संहिता काय गृहीत धरते, कोणाच्या भाषेत बोलते आणि कोणते मौन निर्माण करते, याचा विचार येथे केला आहे. आपले मन समोरच्याला सहज वाचता येते, असा समज अध्यापक आणि विद्यार्थी या दोघांच्याही ठिकाणी असतो व तो पुष्कळदा चुकीचा ठरतो, हे सामाजिक मानसशास्त्रातील संशोधनाने दाखवून दिले आहे. या संशोधनाच्या प्रकाशात, मराठवाड्यातील महाविद्यालयीन वास्तव आणि मराठी वाङ्मयातील वक्ता-श्रोता संबंध यांच्या आधारे पत्रिकेच्या मर्यादा व शक्यता तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

बीजशब्द : विद्यार्थी-अभिप्राय, परस्परवाचन, पारदर्शकतेचा भास, नॅक, वक्ता-श्रोता संबंध, दलित आत्मकथन.

१. प्रस्तावना

वर्गात एखादी संकल्पना स्पष्ट करून झाल्यावर अध्यापक सवयीने विचारतो, ‘समजले का?’ पुढच्या बाकांवरून ‘हो सर’ असा आवाज येतो, मागचे बाक शांत असतात आणि तास पुढे सरकतो. अध्यापन-मूल्यमापनाचा हा सर्वांत जुना, तोंडी आणि विनाखर्चाचा प्रकार होय. सत्राच्या अखेरीस छापील स्वरूपात किंवा भ्रमणध्वनीवर भरून घेतली जाणारी अभिप्रायपत्रिका ही याच प्रश्नाची लेखी व संस्थात्मक आवृत्ती आहे. प्रश्नाचे रूप पालटले. परंतु त्यामागील गृहीतक पालटले नाही. विचारले की कळते, आणि मिळालेले उत्तर म्हणजेच समोरच्याच्या मनातील गोष्ट, असे हे गृहीतक आहे.

वस्तुतः अभिप्रायाच्या व्यवहारात दोन वाचने एकाच वेळी होत असतात. विद्यार्थी अध्यापकाला वाचतो आणि अध्यापक विद्यार्थ्याला वाचतो. याशिवाय तिसरेही एक वाचन असते : समोरचा आपल्याला कसा वाचतो आहे, याचा प्रत्येकाने मनाशी बांधलेला अंदाज. गुणवत्तेच्या चर्चेत पहिल्या वाचनाला गुण दिले जातात, दुसरे गृहीत धरले जाते आणि तिसऱ्याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत विवेचनाचा रोख मुख्यतः या तिसऱ्या वाचनावर आहे.

२. अभिप्रायपत्रिकेची पूर्वपीठिका

विद्यार्थ्यांकडून अध्यापकाचे पद्धतशीर मूल्यमापन करून घेण्याची कल्पना १९२० च्या दशकात अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स यांच्या कामातून रुजली. विद्यार्थी अध्यापकाविषयी काय विचार करतात हे अध्यापकाला कळावे, असा या मापनश्रेणीचा मूळ हेतू होता. पुढे हे साधन अध्यापकाच्या हातून प्रशासनाच्या हाती गेले आणि नेमणूक व पदोन्नतीच्या निर्णयांशी जोडले गेले. साधन तेच राहिले, पण वाचक बदलला. वाचक बदलला की संहितेचा अर्थ बदलतो, हे साहित्याच्या अभ्यासकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

भारतात १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अध्यापकांच्या खुल्या व सहभागात्मक मूल्यमापनाचा पुरस्कार केला. १९९४ मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजेच नॅक, स्थापन झाली आणि २००० नंतरच्या दशकात महाविद्यालये मूल्यांकनाला सामोरी जाऊ लागली, तसतशी अभिप्रायपत्रिका कार्यालयीन कपाटातील एक अपरिहार्य दस्तऐवज बनली. २०१७ मध्ये लागू झालेल्या सुधारित चौकटीत तिला दोन ठिकाणी स्थान मिळाले : अभ्यासक्रमविषयक निकषात विविध घटकांकडून घ्यावयाचा अभिप्राय आणि अध्ययन-अध्यापनाच्या निकषात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण. २०२४ मध्ये परिषदेने श्रेणींऐवजी मान्यताप्राप्त व अमान्यताप्राप्त अशा द्विस्तरीय पद्धतीची घोषणा केली. श्रेणीची पद्धत कोणतीही असो, अभिप्राय गोळा करण्याची जी सवय महाविद्यालयांना लागली आहे, तिचे परीक्षण आवश्यकच आहे.

हे परीक्षण छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) संदर्भात करण्यास विशेष कारण आहे. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय सुरू केले आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. निजामी राजवटीत उच्च शिक्षणापासून दूर राहिलेल्या या प्रदेशात महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिली पिढी अद्याप संपलेली नाही. १९९४ मध्ये नामविस्तार झालेल्या या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे येतात. घरात ज्याच्याआधी कोणी महाविद्यालय पाहिलेले नाही, अशा विद्यार्थ्याला ‘तुमच्या प्राध्यापकांचे मूल्यमापन करा’ असे सांगितले जाते, तेव्हा नेमके काय घडते, हा येथील प्रश्न आहे.

३. पत्रिका : एक संहिता

नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाची प्रश्नावली एकवीस प्रश्नांची होती. त्यांपैकी वीस प्रश्न पर्यायनिष्ठ आणि शेवटचा एक मुक्त होता. अभ्यासक्रम किती टक्के पूर्ण झाला, शिक्षक वर्गासाठी कितपत तयारी करून येतात, त्यांना संवाद कितपत साधता येतो, अंतर्गत मूल्यमापन न्याय्य आहे काय, शिक्षक तुमच्या उणिवा ओळखून त्या दूर करण्यास साहाय्य करतात काय, असे हे प्रश्न होते. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार असा अंक होता.

या संहितेच्या बारकाईने केलेल्या वाचनातून काही बाबी लक्षात येतात.

पहिली बाब अशी की, येथे ‘शिक्षक’ हे अनेकवचनी व चेहराविरहित पात्र आहे. एक अध्यापक रोज तयारीनिशी येतो आणि दुसरा पिवळ्या पडलेल्या टिपणांतून सांगतो, तर विद्यार्थ्याने कोणता अंक निवडावा? तो मधला अंक निवडतो. त्या मधल्या अंकात दोन्ही अध्यापक नसतात.

दुसरी बाब प्रश्नांच्या ज्ञानविषयक मागणीची आहे. अभ्यासक्रम किती झाला याचे उत्तर विद्यार्थी निरीक्षणाने देऊ शकतो. परंतु अध्यापकाने तयारी किती केली, हे त्याला दिसत नाही. त्याला दिसतो तो तयारीचा आविर्भाव. ‘शिक्षक तुमच्या उणिवा ओळखतात काय’ हा प्रश्न तर त्याहून अवघड आहे. येथे विद्यार्थ्याने अध्यापकाच्या मनात स्वतःविषयी काय ज्ञान आहे, याचा अंदाज करावयाचा असतो. वाचणाऱ्याने आपल्याला कितपत बरोबर वाचले, हे ज्याला वाचले गेले त्याने सांगायचे. असे अंदाज माणसे कसे करतात आणि ते कितपत चुकतात, याचा विचार पुढील भागात केला आहे.

तिसरी बाब भाषेची आहे. अनेक महाविद्यालयांच्या स्वतःच्या मराठी पत्रिका ‘संप्रेषणकौशल्य’, ‘अध्ययननिष्पत्ती’, ‘आशयज्ञानावरील प्रभुत्व’ अशा शब्दांनी भरलेल्या असतात. शासकीय परिभाषेच्या या मराठीत पैठण किंवा घनसावंगीकडचा विद्यार्थी कधीच बोलत नाही. ‘सरांचं समजतं, पर लई घाई करतेत’ हा त्याचा अभिप्राय असतो. पत्रिकेत त्याला एकाच रकान्यात जागा नाही. ‘समजतं’ एका रकान्यात जाते, ‘घाई’ दुसऱ्यात आणि या दोहोंमधील ‘पर’, जो या वाक्याचा खरा आशय आहे, कोठेच जात नाही. शेवटचा मुक्त प्रश्न ही उणीव भरून काढू शकला असता. परंतु वीस वर्तुळे भरून दमलेला विद्यार्थी तेथे बहुधा ‘सर्व चांगले आहे’ एवढेच लिहितो.

चौथी बाब कृतीची आहे. २०१७ च्या चौकटीत अभिप्रायाच्या प्रक्रियेची एक चढती शिडी होती : अभिप्राय गोळा केला, गोळा करून विश्लेषण केले, विश्लेषण करून कार्यवाही केली, आणि या सर्वांबरोबर तो संकेतस्थळावर प्रसिद्ध केला. या शिडीत एक पायरी आढळत नाही. ज्याने अभिप्राय दिला, त्याच्याशी त्याविषयी बोलणे ही ती पायरी होय. संकेतस्थळावरील अहवाल जगाला वाचता येतो. मात्र मागच्या बाकावरील विद्यार्थ्याला त्याचे म्हणणे कोणी ऐकले की नाही, हे कळण्याची कोणतीही व्यवस्था नसते. त्यामुळे पुढील वर्षी तो अधिक वेगाने वर्तुळे भरतो.

४. पारदर्शकतेचा भास आणि वर्ग

टॉमस गिलोविच, केनेथ सावित्स्की आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एका सार्वत्रिक भ्रमाचे वर्णन केले. त्यास ‘पारदर्शकतेचा भास’ असे म्हणता येईल. त्यांच्या प्रयोगांत काही जणांना खोटे बोलावयाचे होते, तर काहींना बेचव पेय पिऊन चेहरा निर्विकार ठेवावयाचा होता. आपले खोटे किंवा आपली किळस किती जणांना ओळखता येईल, याचा त्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाला. आतून जे तीव्रतेने जाणवते, ते बाहेरही तितकेच दिसत असणार, असे माणसाला वाटते.

याआधी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी केलेला प्रयोग अध्यापकांसाठी अधिकच बोलका आहे. काही जणांनी परिचित गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि ऐकणाऱ्यांनी गाणे ओळखायचे, असा हा प्रयोग होता. वाजवणाऱ्यांना वाटले की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी केवळ ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात सूर, शब्द, वाद्यवृंद सारे काही असते. ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते.

वर्गातील व्याख्यान पुष्कळदा असेच असते. वीस वर्षे ‘रससिद्धान्त’ किंवा ‘सीमांत उपयोगिता’ शिकवलेल्या अध्यापकाच्या मनात प्रत्येक वाक्यामागे एक संपूर्ण परंपरा वाजत असते. विद्यार्थ्यापर्यंत वाक्य पोहोचते, परंपरा पोहोचत नाही. अध्यापक प्रामाणिक असतो, त्याची तळमळ खरी असते. आणि ती खरी असल्यामुळेच ती दिसत असणार, अशी त्याची खात्री असते. सत्राअखेरीस ‘शिक्षकांना विद्यार्थ्यांविषयी आस्था आहे’ या विधानापुढे कमी अंक आले की तो दुखावतो आणि हा विद्यार्थ्यांचा कृतघ्नपणा आहे, असे त्यास वाटते. आस्था होती, पण ती वाचली जाईल अशा लिपीत नव्हती, ही शक्यता त्याच्या मनात येत नाही.

विनोद आणि उपरोध यांच्याबाबत हा भास अधिक महाग पडतो. ‘हे तर पाचवीच्या पोरालाही कळेल’ असे अध्यापक धीर देण्यासाठी म्हणतो. ज्याला कळलेले नाही त्या विद्यार्थ्याला ते वाक्य टोमण्यासारखे लागते. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिले की, लेखी संदेशातील उपरोध समोरच्याला ओळखता येईल याची लिहिणाऱ्याला मोठी खात्री असते. वाचणाऱ्याचे यश मात्र नाणेफेकीच्या फारसे पुढे जात नाही. टाळेबंदीनंतर वर्गाचा बराच संवाद व्हॉट्सॲपच्या गटांवर गेला आहे. तेथे आवाजाचा चढउतार नाही आणि चेहराही नाही. अशा वेळी या निष्कर्षाचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको.

हा भास एकतर्फी नाही. ज्या विद्यार्थ्याला समजलेले नसते, त्यालाही वाटते की आपला गोंधळ सरांना दिसतो आहे आणि दिसूनही सर पुढे जात आहेत. आपण गप्प बसलो म्हणजे सांगितलेच, असा त्याचा समज असतो. अध्यापक तेच मौन संमती म्हणून वाचतो. येथे मराठवाड्याच्या सामाजिक वास्तवाचा विचार अटळ ठरतो. थोरांपुढे ‘नाही समजले’ म्हणणे हे उर्मटपणाचे लक्षण मानणाऱ्या घरांतून आलेल्या मुला-मुलींच्या तोंडी ‘हो सर’ हे बौद्धिक उत्तर नसते. तो आदराचा उच्चार असतो. अध्यापक आदराला आकलन समजतो.

अनुपस्थितीचे वाचनही असेच चुकते. दिवाळीच्या सुमारास बीड, जालना भागांतील ऊसतोड मजुरांची कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात स्थलांतर करतात. मागे राहिलेल्या विद्यार्थ्यावर घर, म्हातारी माणसे, लहान भावंडे आणि जनावरे यांची जबाबदारी पडते. हजेरीपटावर मात्र त्याच्या नावापुढे केवळ गैरहजेरी दिसते. अध्यापक तिला बेपर्वाई म्हणून वाचतो, आणि हे कारण सरांना ठाऊक असणारच, असे विद्यार्थी गृहीत धरतो. दोघांचेही अंदाज चुकतात; परिणाम मात्र एकालाच भोगावा लागतो.

५. सरासरी काय सांगते?

आपल्याला इतर कसे पाहतात हे माणसाला कितपत कळते, या प्रश्नावरील संशोधनाचा आढावा डेव्हिड केनी आणि बेला डीपॉलो यांनी १९९३ मध्ये घेतला. त्यांचे निष्कर्ष अभिप्रायाच्या संदर्भात मूलगामी ठरतात. इतरांचे आपल्याविषयी सर्वसाधारण मत काय आहे, याचा माणसाला बऱ्यापैकी अंदाज असतो. मात्र कोणती व्यक्ती आपल्याकडे इतरांहून वेगळ्या नजरेने पाहते, हे त्याला फारसे कळत नाही. शिवाय, लोक आपल्याला कसे पाहतात याचा अंदाज माणूस समोरच्याच्या प्रतिसादावरून कमी आणि स्वतःविषयीच्या स्वतःच्या मतावरून अधिक बांधतो.

या निष्कर्षाच्या कसोटीवर अभिप्राय-विश्लेषणाचा प्रचलित अहवाल पाहिला असता एक विसंगती ठळकपणे समोर येते. अहवाल अध्यापकाला सरासरी सांगतो. परंतु सर्वसाधारण मताचा अंदाज त्याला आधीपासूनच असतो. त्याला जे ठाऊक नसते, ते म्हणजे वर्गातील सहा-सात जण इतरांपेक्षा पूर्णतः निराळा अनुभव घेत आहेत. आणि नेमके हेच सरासरी पुसून टाकते. थोडक्यात, जे माहीत आहे ते अहवाल दोन दशांश स्थळांपर्यंत सांगतो आणि जे माहीत नाही ते झाकून ठेवतो. बहुसंख्य साठ विद्यार्थ्यांच्या ‘उत्तम’मध्ये मागच्या बाकावरील पाच जणींचे ‘काहीच कळत नाही’ सहज विरघळून जाते.

दुसरा धोका अहवालाच्या वाचनाचा आहे. स्वतःविषयीच्या मतावरूनच इतरांचे मत ताडण्याची सवय असल्याने, चांगले अंक आले की ‘विद्यार्थ्यांना कळते’ आणि वाईट आले की ‘विद्यार्थ्यांना काय कळते’ असा पवित्रा घेणे सोपे जाते. अभिप्राय येतो, पण स्वप्रतिमा जागची हलत नाही.

६. अंक नेमके काय मोजतात?

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. विद्यार्थ्यांच्या अंकांतून अध्यापनाची गुणवत्ता कळते काय? १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘डॉ. फॉक्स’ प्रयोग या संदर्भात सुपरिचित आहे. एका नटाला तज्ज्ञ म्हणून उभे करून त्याच्याकडून परस्परविसंगत व आशयहीन, परंतु आकर्षक शैलीतील व्याख्यान देवविण्यात आले. श्रोते मानसोपचार व शिक्षण या क्षेत्रांतील जाणकार होते. त्यांनी व्याख्यानाला अनुकूल अभिप्राय दिला. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेंथाल यांनी १९९३ मध्ये दाखविले की, अध्यापकांच्या जेमतेम अर्ध्या मिनिटाच्या मूक चित्रफिती पाहून अनोळखी व्यक्तींनी केलेले मूल्यमापन हे विद्यार्थ्यांच्या सत्राअखेरच्या मूल्यमापनाशी लक्षणीय प्रमाणात जुळते. संपूर्ण सत्राच्या अभिप्रायातील बराचसा भाग देहबोलीच्या पहिल्या ठशावर अवलंबून असू शकतो, असा याचा एक अर्थ होतो.

स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी २०१० मध्ये अमेरिकेच्या वायुसेना अकादमीतील विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे विद्यार्थ्यांची वाटणी अध्यापकांकडे यादृच्छिक पद्धतीने होत असल्याने तुलना विश्वसनीय होती. चालू परीक्षेतील गुण वाढविणाऱ्या अध्यापकांना चांगले अभिप्राय मिळत. पुढील प्रगत अभ्यासक्रमांत मात्र त्यांचे विद्यार्थी मागे पडत. बॉब उत्तल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित पुनर्विश्लेषण करून, अभिप्रायातील अंक आणि प्रत्यक्ष अध्ययन यांच्यात अर्थपूर्ण सहसंबंध आढळत नाही, असा निष्कर्ष काढला. २०१५ मधील लिलियन मॅकनेल यांच्या छोट्या प्रमाणावरील प्रयोगात, ऑनलाइन वर्गातील मार्गदर्शकाचे नाव पुरुषाचे असल्यास अंक वाढतात, असे दिसले. २०१८ मध्ये कॅनडातील रायर्सन विद्यापीठाच्या वादात लवाद विल्यम कॅप्लन यांनी, पदोन्नती व सेवासातत्याच्या निर्णयांसाठी या अंकांना अध्यापनाच्या परिणामकारकतेचे माप मानू नये, असा निवाडा दिला.

परदेशातील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू होतील, असा दावा करता येत नाही. तथापि नाव, उच्चार, पोशाख यांवरून माणूस ओळखण्याची सवय ज्या समाजात जातिव्यवस्थेने शतकानुशतके लावली आहे, तेथे पत्रिका या ठशांपासून मुक्त राहील, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांची पुढील वर्षाची नेमणूक दरवर्षी अनिश्चित असते. त्यांच्या बाबतीत अभिप्रायाचा आकडा निर्णायक ठरविल्यास कठीण भाग टाळणे, सढळ हाताने अंतर्गत गुण देणे आणि लोकप्रिय राहणे हाच शहाणपणा ठरतो. असे साधन अध्यापकाला सुधारत नाही. ते त्याला सावध बनविते.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पत्रिका सदोष आहे म्हणून ती नाकारावी, असा निष्कर्ष सोयीचा असला तरी न्याय्य नाही. गुरूविषयी शिष्याने मत नोंदविणे हीच आपल्याकडे नवी घटना आहे. ज्या विद्यार्थिनीला वर्गात बोलता येत नाही, प्राचार्यांपर्यंत जाता येत नाही, तिच्यासाठी निनावी कागद हे उपलब्ध असलेले एकमेव साधन असू शकते. मात्र जो अध्यापक अंतर्गत गुण देतो त्याच्याविषयीच ती लिहीत असते आणि आपले अक्षर किंवा लॉगिन ओळखले जाईल, अशी भीती तिच्या मनात असते. ही भीती हादेखील पारदर्शकतेचाच भास असेल. परंतु त्यामागील सत्तासंबंध भास नाही. म्हणून पत्रिकेतील उंच सरासरीचा एक भाग भयाचाही असतो, हे विसरता येणार नाही.

७. वक्ता, श्रोता आणि उशिरा आलेले अभिप्राय

बोलणारा आणि ऐकणारा यांच्या नात्याचा विचार मराठी परंपरेला नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभ श्रोत्यांच्या अवधानाच्या याचनेने होतो. या ग्रंथात श्रोते मध्येच बोलतात, विषयांतराची जाणीव देतात आणि वक्ता त्यांची दखल घेतो. याउलट, जालना जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या दासबोधात श्रोत्याच्या अवलक्षणांची स्वतंत्र चर्चा आहे. आजची अभिप्रायपत्रिका केवळ वक्त्याचे दोष विचारते. ही दोन टोके झाली. ज्ञानेश्वरीतील आदर्शाकडेही डोळसपणे पाहावयास हवे. तेथील श्रोत्यांचे बोलणे शेवटी वक्त्याच्याच मुखातून आपल्यापर्यंत येते. श्रोत्याचा स्वतंत्र स्वर तेथे अनुमानानेच ऐकावा लागतो.

आधुनिक मराठी साहित्यात महाविद्यालयाचे विस्तृत चित्र भालचंद्र नेमाडे यांच्या ‘बिढार’ (१९७५), ‘जरीला’ (१९७७) आणि ‘झूल’ (१९७९) या कादंबऱ्यांत आढळते. नेमाडे यांनी स्वतः मराठवाडा विद्यापीठात अध्यापन केले होते. या कादंबऱ्यांचे कथन मुख्यतः चांगदेव पाटील या अध्यापकाच्या जाणिवेतून चालते. संस्थाचालक, सहकारी, विद्यार्थी हे सारे त्याच्या नजरेतून दिसतात. विद्यार्थ्यांच्या नजरेतील चांगदेव वाचकाला सलगपणे भेटत नाही. कादंबरीच्या दृष्टीने ही मर्यादा नव्हे. परंतु अध्यापककेंद्री कथनात कोणते वाचन अनुक्त राहते, याचा तो नमुना मानता येईल.

विद्यार्थ्याने केलेले अध्यापकाचे वाचन मराठीत खऱ्या अर्थाने शब्दबद्ध झाले ते दलित आत्मकथनांतून. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) या कृतींत शाळा आणि शिक्षक यांचे संदर्भ महत्त्वाचे आहेत. सोनकांबळे यांचा औरंगाबादच्या मिलिंद परिसराशी निकटचा संबंध होता आणि याच शहरातून गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने दलित लेखनाला व्यासपीठ दिले. आत्मकथनांतील या नोंदी म्हणजे वीस-वीस, तीस-तीस वर्षांनी आलेले अभिप्राय होत. अभ्यासक्रम किती टक्के झाला, याला अशा स्मरणात स्थान नसते. कोणी कोठे बसविले, कोणी नाव कसे उच्चारले, कोणी फी भरण्यास मदत केली, कोणी नजर टाळली, हे स्मरणात राहते. कृती करणाऱ्यांपैकी अनेकांना त्या क्षणी आपण वाचले जात आहोत, याची जाणीवही नसावी.

या वाङ्मयाचे अभिप्रायपत्रिकेच्या संदर्भातील महत्त्व असे की, विद्यार्थी अध्यापकाला अत्यंत सूक्ष्मपणे वाचत असतो, हे त्यातून सिद्ध होते. त्याची वाचनक्षमता कमी नाही. त्याला लिहावयास दिलेली जागा अपुरी आहे. त्याला भाषा, अवकाश आणि निर्भयता मिळाली की तो काय लिहू शकतो, याचा पुरावा मराठी साहित्यात उपलब्ध आहे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) अभिप्रायपत्रिका अध्यापनाची गुणवत्ता थेट मोजत नाही. ती विद्यार्थ्यापर्यंत पोहोचलेल्या प्रतिमेची, तीही भय व आदर यांनी रंगलेल्या प्रतिमेची नोंद करते. म्हणून तिचा आकडा नेमणूक व पदोन्नतीचा स्वतंत्र आधार बनविणे उचित नाही; तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

२) आपली तळमळ दिसते हा अध्यापकाचा समज आणि आपला गोंधळ दिसतो हा विद्यार्थ्याचा समज हे एकाच भासाचे दोन भाग आहेत. ‘समजले का?’ या प्रश्नाने तो दूर होत नाही. ‘आजच्या तासातील कोणता भाग घरी सांगता येणार नाही?’ असा आशयाविषयी विचारलेला आणि चिठ्ठीवर दोन ओळींत उत्तर देता येणारा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो. कारण त्यात कोणाचा अपमान होत नाही आणि ‘हो सर’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

३) अभिप्राय सत्राच्या मध्यावर घ्यावा. अखेरीस घेतलेल्या अभिप्रायाचा लाभ देणाऱ्याला मिळत नाही. तो पुढील वर्गाला मिळतो, किंवा कोणालाच नाही.

४) पत्रिकेची भाषा विद्यार्थ्याच्या बोलीला जागा देणारी असावी आणि विश्लेषणात सरासरीसोबत वेगळे पडलेले अभिप्राय जसेच्या तसे, ओळख उघड न करता, अध्यापकापर्यंत पोहोचवावेत.

५) आलेल्या अभिप्रायांपैकी काय स्वीकारले, काय स्वीकारता आले नाही आणि का, हे अध्यापकाने त्याच वर्गात पाच मिनिटे बोलावे. मूल्यांकनाच्या शिडीत नसलेली ही पायरी महाविद्यालये कोणत्याही परिपत्रकाविना स्वतःहून जोडू शकतात. ज्या प्रदेशात अद्यापही अनेक घरांतील पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी महाविद्यालयात येते, तेथे आपले म्हणणे वाचले गेले, हा अनुभव विद्यार्थ्यासाठी शिक्षणाचाच एक भाग ठरतो.